जर्क मसाल्याचा दर वेळी दगड होतो? मीठ आणि साखर बरणीबाहेर काढा

जर्क मसाला, म्हणजे जमैकन पद्धतीने मांस भाजताना लावायचा मसाला, घरी करणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते. केला त्या दिवशी मसाला छान मोकळा असतो, वासही घरभर दरवळतो. आठ-पंधरा दिवसांत बरणीच्या तळाशी चमचा अडायला लागतो. महिन्याभराने सुरीचं टोक घालून मसाला उकरावा लागतो, आणि जुलै-ऑगस्टात तर बरणी उलटी धरली तरी कण खाली पडत नाही. मग लोक बरणी बदलतात, मिक्सरचं भांडं दोन-दोनदा पुसतात, तांदळाचे दाणे टाकून पाहतात. पुढच्या वेळी पुन्हा तेच.

यात बरणीचा दोष नाही आणि करणाऱ्याच्या हाताचाही नाही. दोष कृतीच्या मांडणीत आहे. जर्कच्या बहुतेक कृती सगळं साहित्य एकाच वेळी एकत्र करायला सांगतात: ऑलस्पाइस (मिरीसारखे दिसणारे सुगंधी दाणे), मिरी, थाइम (ओव्यासारख्या वासाचा पाला), सुंठ, दालचिनी, जायफळ, मिरची, आणि त्यांच्याच सोबत ब्राऊन शुगर, मीठ, लसूण पावडर, कांदा पावडर. यातले पहिले सात कोरडे मसाले आहेत. शेवटचे चार हवेतलं पाणी ओढून घेणारे आहेत. हे चार त्या सातांसोबत महिनाभर कोंडून ठेवले की दगड होणारच. उत्तर अमेरिकेत हिवाळ्यात हीटर चालू असलेल्या कोरड्या घरात ही मांडणी चालून जाते. डोंबिवलीत, रत्नागिरीत, पणजीत चालत नाही.

म्हणून माझं सांगणं एकच आहे: जर्क मसाला एका बरणीचा पदार्थ समजू नका. कोरडे मसाले बरणीत, मीठ आणि साखर वापरायच्या दिवशी. एवढं केलं की गुठळ्या तर थांबतातच, शिवाय ‘मसाला खारट होतो’ आणि ‘चिकन आतून कच्चं असतानाच बाहेरून काळं पडतं’ या दोन तक्रारीही त्यातच मिटतात.

मुळात हा मसाला ओला

जर्क ही जमैकाची पद्धत. 1655 मध्ये इंग्रजांनी ते बेट स्पॅनिशांकडून घेतलं. त्या धामधुमीत गुलाम म्हणून आणलेले अनेक आफ्रिकी लोक डोंगरात निघून गेले, पुढे इंग्रजांच्या मळ्यांतून पळालेले त्यांना येऊन मिळाले. हेच मरून लोक. 1739 मध्ये इंग्रजांना त्यांच्याशी तह करावा लागला. रानडुकराचं मांस मसाला लावून मंद धगीवर, धुरात शिजवायची त्यांची पद्धत म्हणजेच जर्क. तिच्यात बेटावरच्या मूळ तायनो लोकांच्या रीतीही मिसळलेल्या आहेत असं मानलं जातं. आज जर्कसाठी लोक पोर्टलंड परगण्यातल्या बॉस्टन बे या किनाऱ्यावरच्या गावाचं नाव घेतात. तिथे पिमेंटोच्या, म्हणजे ऑलस्पाइसच्याच झाडाच्या ओल्या लाकडांवर मांस ठेवतात आणि वरून पत्रा झाकतात. धुराचा वास आणि मसाल्याचा वास एकाच झाडाचा.

आपल्या कामाचा मुद्दा असा की तिथला मसाला वाटलेला असतो. पातीचा कांदा, ताजं थाइम, स्कॉच बॉनेट मिरची, ऑलस्पाइस, आलं, लसूण, मीठ. वाटणच ते, त्यात मिठाला पाणी सुटलं तर बिघडत काहीच नाही. कोरडी पूड ही नंतरची सोय आहे. सोय म्हणून ती उत्तम, पण वाटणातला प्रत्येक जिन्नस पूड करून एका बरणीत भरता येतो हा समज सोडायला हवा.

पाणी नेमकं कुठून येतं

शुद्ध मीठ हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की ओलावू लागतं. साखरेसाठी हीच रेघ 85 टक्क्यांच्या आसपास असते. पण दोन्ही एकमेकांना चिकटून असले की त्याहून कमी आर्द्रतेतच ओलावतात, आणि घरी हेच लक्षात घेतलं जात नाही. मिठाच्या डब्यात मीठ कोरडं आहे, साखरेच्या डब्यात साखर कोरडी आहे, तरी दोन्ही मिसळलेल्या मसाल्याला पाणी सुटलेलं आहे, याचं कारण हे. मुंबई-कोकणात पावसाळ्यात 80-90 टक्के आर्द्रता ही रोजचीच गोष्ट.

खडे मीठ वापरलं असेल तर अडचण वाढते. त्यात थोडं मॅग्नेशियम क्लोराइड राहिलेलं असतं आणि ते बऱ्याच कोरड्या हवेतूनही पाणी ओढतं. ब्राऊन शुगरमध्ये मळीचा अंश असतो, त्यातलं ग्लुकोज-फ्रुक्टोज साध्या साखरेपेक्षा जास्त ओलं धरतं. ब्राऊन शुगर मिळाली नाही म्हणून गूळ पावडर घालणारे बरेच जण आहेत. चव वाईट लागत नाही, पण बरणीतल्या मसाल्यासाठी याहून वाईट पर्याय मला माहीत नाही. गूळ पावडरीचं फोडलेलं पाकीट पावसाळ्यात चार दिवसांत कसं होतं ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

लसूण आणि कांदा पावडरीचं आणखी वेगळं. त्यांच्यातली साखरेच्या जातीची द्रव्यं स्फटिक होऊन बसलेली नसतात. थोडा ओलावा मिळाला की त्यांचा डिंकासारखा चिकट थर होतो आणि शेजारचा प्रत्येक कण त्याला धरून बसतो.

मग दगड कसा होतो? दुपारी दमट हवा, मिठा-साखरेला किंचित पाणी सुटतं, कणाकणावर पाकाचा सूक्ष्म थर येतो. रात्री एसी लागतो किंवा हवा कोरडी पडते, तो थर सुकतो आणि दोन कणांच्या मध्ये मीठ-साखर पुन्हा स्फटिक होऊन बसते, विटांच्या मध्ये सिमेंट बसावं तशी. हे रोज थोडं थोडं होत राहतं. भिंगातून पाहिलंत तर गुठळीच्या तुटलेल्या कडेला तपकिरी चकचकीत ठिपके दिसतात. तो सुकलेला पाक.

आधी गुठळी ओळखा

सगळ्या गुठळ्या एका कारणाच्या नसतात, म्हणून उपाय करण्याआधी एक गुठळी काढून दोन बोटांत दाबून पाहा.

सहज फुटली आणि बोटाला किंचित चिकट लागली, तर ओलावा नुकता शिरलेला आहे. मसाला चाळा, आजच्या आज वापरायला घ्या.

दाबून फुटलीच नाही, तोडली तेव्हा खटकन तुटली, तर वर सांगितलेलं मीठ-साखरेचं बांधकाम पूर्ण झालेलं आहे.

बोटाला तेलकट डाग पडला, कागदावर ठेवल्यावर कागद पारदर्शक झाला, तर पाण्याचा संबंधच नाही. हे तेल आहे. आपल्याकडे गोडा मसाला किंवा मालवणी मसाला करताना जिन्नस तेलावर परतायची सवय असते, तोच हात जर्कला लावला जातो. जर्कच्या मसाल्याला तेल नको. तेलाने पूड गोळा होते आणि काही आठवड्यांत खवट वास येतो. दुसरा चोर जायफळ. त्यात वजनाच्या चौथ्या हिश्श्याइतकं किंवा त्याहून जास्त स्निग्ध असतं. मिक्सरच्या गरमीने ते वितळतं आणि पुडीभर पसरतं.

आणि गुठळीला कुबट वास आला, तंतू किंवा जाळी दिसली, तर सगळी बरणी टाकून द्या. मिरची आणि जायफळ यांच्यावर येणाऱ्या काही बुरशा जे विष सोडतात ते भाजून जात नाही. ऊन दाखवून वाचवायचा हा मसाला नव्हे.

मांडणी बदला

बरणीत जायचे ते कोरडे मसाले, साधारण 50 ग्रॅम होतील इतके: ऑलस्पाइसचे दाणे 20 ग्रॅम, काळी मिरी 8, सुकं थाइम 8, सुंठ पूड 6, दालचिनी 3, मिरचीची पूड 6. मिरची कोणती, ते पुढे येतं. जायफळ बरणीत घालू नका. ते अख्खं ठेवा आणि वापरताना किसणीवर चार-पाच वेळा घासा.

दुसऱ्या छोट्या बरणीत वाळवलेला कांदा आणि लसूण, पण पूड करून नाही, कापांच्या रूपात. गुजरातेतलं महुवा कांदा वाळवण्याच्या उद्योगासाठी प्रसिद्ध आहे आणि असे काप आता किराणा दुकानातही मिळतात. कापाला हवा लागायला जागा कमी, त्यामुळे तो बराच काळ कुरकुरीत राहतो. लागतील तेवढे मिक्सरच्या छोट्या भांड्यात फिरवून घ्या.

मीठ आणि साखर त्यांच्या त्यांच्या डब्यात.

वापरायच्या दिवशी, अर्धा किलो चिकनसाठी: कोरडा मसाला दोन छोटे चमचे, कांदा-लसणाची ताजी पूड एक छोटा चमचा, मीठ 5 ग्रॅम, साखर एक सपाट छोटा चमचा, वर किसलेलं जायफळ. मीठ मांसाच्या वजनाच्या एक टक्का, हा हिशोब ठेवला की खारटपणाची तक्रार उरत नाही. मीठ मसाल्यातच असलं की तिखट वाढवायला गेलात तरी मीठ वाढतं, आणि मीठ कमी करायला गेलात तर वास कमी होतो. वेगळं ठेवलं की दोन्ही तुमच्या हातात.

दळण्यात एक काळजी घ्या. ऑलस्पाइस आणि मिरी कोरड्या कढईत अगदी मंद आचेवर फक्त गरम होईपर्यंत हलवा, रंग बदलू द्यायचा नाही. भाजलेला वास यायला लागला म्हणजे पुढे गेलात. मे महिना असेल तर कढईही नको, दोन कडक उन्हं पुरतात. पूर्ण गार झाल्यावरच मिक्सरला लावा, आणि सलग न फिरवता थांबून थांबून. दळून झाल्यावर झाकणाला आतून हात लावून पाहा. ते कोमट आणि दमट लागलं तर पूड तशीच बरणीत भरू नका, ताटात पसरून पंख्याखाली नाही, बंद खोलीत कागदाखाली गार होऊ द्या. पंख्याखाली वास उडतो आणि दमट दिवस असेल तर पंखा उलट ओलावाच आणून देतो.

यानंतरही गुठळ्या होत असतील तर बहुतेक वेळा दोनच गोष्टी निघतात. एक, बरणी थेट वाफाळत्या कढईवर धरून मसाला झटकणं. त्या दोन सेकंदांत जेवढी वाफ आत जाते तेवढी आठवडाभर झाकण उघडं ठेवून जात नसेल. चमच्याने काढा, चमचा कोरडा हवा, आणि चुलीपासून हातभर लांब उभं राहून. दुसरी, फ्रीज. फ्रीजमध्ये मसाला छान टिकतो, पण थंड बरणी बाहेर काढून लगेच उघडली की आतल्या मसाल्यावर दव धरतं. बाहेर काढल्यावर अर्धा-पाऊण तास झाकण बंदच राहू द्या. रोज लागत नसेल तर दोन छोट्या बरण्या करा, एक फ्रीजमध्ये सीलबंद, एक हाताशी.

आपल्या मसाल्याच्या बरणीत हिंगाचे खडे ठेवतात ती पद्धत इथे नको. हिंगाचा वास जर्कवर चढून बसतो.

झालेल्या दगडाचं काय करायचं

कुबट नसेल तर टाकू नका. ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा दळायचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मला पटत नाही. गरमीने साखर आणखी चिकट होते आणि ऑलस्पाइसचा वास ज्या तेलात आहे ते तेल उडून जातं. मोकळी पूड मिळते, पण ती वासाला मेलेली असते.

त्याऐवजी तिला तिच्या मूळ रूपात न्या. गुठळ्या मिक्सरच्या भांड्यात टाका, त्यावर पातीच्या कांद्याची मूठभर पात, बोटभर आलं, चार लसूण पाकळ्या, एका लिंबाचा रस, दोन चमचे व्हिनेगर आणि एक चमचा तेल घालून वाटा. मीठ घालायच्या आधी चाखा, गुठळीत ते आहेच. हे वाटण काचेच्या बाटलीत फ्रीजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवा. ताजी लसूण तेलात घालून बाहेर ओट्यावर ठेवणं धोक्याचं आहे, ते करू नका.

याच वाटणात गॅलरीतल्या कुंडीतला पानओवा घालता येतो. जाड, लुसलुशीत पानांचा, ज्याची आपण भजी करतो तोच. कॅरिबियन बेटांवर ही वनस्पती रुंद पानांचं थाइम म्हणून स्वयंपाकात वापरतात, त्यामुळे ही ओढूनताणून केलेली बदली नाही. दोन-तीन पानं पुरतात. कोरड्या मसाल्यात मात्र तो वाळवून घालायच्या भानगडीत पडू नका, पानात पाणी फार. आणि थाइम संपलं म्हणून ओवा घालणार असाल तर थाइमच्या पाव भागच घाला. दोघांचा वास थायमॉल या एकाच द्रव्याचा, पण ओव्यात ते फार जोरकस लागतं, मिरीलाही दाबून टाकतं.

‘आमचा जर्क गरम मसाल्यासारखाच लागतो’

ही दुसरी मोठी तक्रार, आणि हिचं मूळ बहुतेक वेळा खरेदीत असतं. कबाबचिनी या नावाने बाजारात दोन वेगळी फळं विकली जातात. एक म्हणजे कंकोळ, मिरीच्या कुळातलं. त्याच्या दाण्याला शेपटीसारखा बारीक देठ चिकटलेला असतो, चव कडवट आणि कापरासारखी गार. दुसरं ऑलस्पाइस, तपकिरी, गोल, मिरीपेक्षा थोडं मोठं, शेपूट नसलेलं. दाणा कानाशी धरून हलवला तर आतल्या बिया खुळखुळतात. फोडला तर कवच पातळ आणि आत साधारण दोन बिया. दुकानात एक दाणा मागून चावून पाहा: आधी लवंग, मग दालचिनी, मग मिरीची हलकी झणझण. गार लागलं तर ते कंकोळ आहे, जर्कला उपयोगाचं नाही.

कोकणात आणि गोव्यात मसाल्याच्या बागांमध्ये ऑलस्पाइसची झाडं लावलेली दिसतात, काही जण त्यांना सर्वसुगंधी म्हणतात. ओळखीत कुणाच्या बागेत असेल तर चार-सहा पानं मागून आणा. ती तमालपत्रासारखी मांसाखाली पसरून भाजलं की धुराला जो वास येतो तो बाटलीतल्या कशाने येत नाही. पिमेंटोचं लाकूड आपल्याला मिळत नाही, त्याच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट हीच.

ऑलस्पाइस बरोबर असूनही गरम मसाला वाटत असेल तर लवंग घातली आहे का ते बघा. ऑलस्पाइसच्या तेलाचा मुख्य घटक युजेनॉल, लवंगेचाही तोच. लवंग घालणं म्हणजे तोच वास दुप्पट करणं, आणि आपल्या नाकाला तो वास लगेच बिर्याणीकडे नेतो. लवंग, वेलदोडा, जिरं, धणे यातलं काही घालू नका. दालचिनीही सांगितली तेवढीच.

करपणं

साखर वेगळी झाली की हा प्रश्न अर्धा सुटलेला असतो. कोळशाच्या शेगडीवर किंवा तव्यावर भाजताना साखर सुरुवातीला लावूच नका. मांस मसाला, मीठ, थोडं तेल आणि लिंबू लावून मुरू द्या, मंद आचेवर जवळजवळ शिजू द्या, आणि शेवटची पाच-सात मिनिटं राहिली की साखर लिंबाच्या रसात कालवून ब्रशने लावा. साध्या साखरेचं कॅरमल 160 अंशांच्या पुढे होतं, मळीतलं फ्रुक्टोज 110 च्या आसपासच रंग धरू लागतं, आणि निखाऱ्यावरची जाळी याच्या कितीतरी पुढे तापलेली असते. ओव्हनमध्ये 180 अंशांवर करत असाल तर साखर आधीपासून लावली तरी चालते.

मिरची

जमैकाची स्कॉच बॉनेट ‘कॅप्सिकम चायनेन्स’ या जातीची, तिखटपणा साधारण एक लाख ते साडेतीन लाख स्कोव्हिल (तिखटपणा मोजायचं एकक). तिखटापेक्षाही तिचा पिकल्या फळासारखा वास महत्त्वाचा. आपली लवंगी, संकेश्वरी, ब्याडगी या वेगळ्या जातीच्या. त्यांनी तिखट येतं, रंग येतो, तो वास येत नाही, म्हणून मसाला तिखट असूनही सपाट लागतो. लंडन, टोरांटोसारख्या शहरांत जमैकन वस्ती मोठी असल्याने तिथल्या मराठी मंडळींना स्कॉच बॉनेट ताजी मिळते. ती अर्धी चिरून, बिया काढून, ओव्हनमध्ये अगदी मंद आचेवर कडकडीत वाळवून पूड करावी. नुसती बाहेरून सुकलेली मिरची बरणीत गेली की ओलावा तीच आणते.

इथे राहणाऱ्यांसाठी भूत जोलोकिया. ईशान्य भारतातली ही मिरची स्कॉच बॉनेटच्या जवळच्या नात्यातली आहे आणि तिचा वासही फळासारखा आहे. तिखटपणा मात्र दहा लाख स्कोव्हिलपर्यंत जातो. म्हणून 6 ग्रॅम मिरचीच्या जागी 5 ग्रॅम लवंगी किंवा संकेश्वरी आणि फक्त 1 ग्रॅम भूत जोलोकिया घ्या. घरात मुलं खाणार असतील तर लवंगीऐवजी ब्याडगी. दळताना हातमोजे घाला, नाकाला ओला रुमाल बांधा, खिडकी उघडा, आणि मिक्सर बंद केल्यावर पूड खाली बसायला पाच मिनिटं देऊन मगच झाकण काढा.